गर्भाशयमुखाच्या लीपच्या अहवालात २ मिलिमीटर कर्करोग: पुन्हा कोन करावा की गर्भाशय काढावे?

निशिगंध, कोथरूड

सर्वांना नमस्कार. माझे वय ३४ असून मला सहा वर्षांची एक मुलगी आहे आणि दुसरे मूल हवे, असे आम्ही गेल्या वर्षीच ठरवले होते. कार्यालयातर्फे झालेल्या आरोग्यतपासणीत माझ्या पॅप स्मिअरमध्ये, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीत, दोष निघाला, त्यापाठोपाठ एचपीव्ही चाचणीत गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा १६ क्रमांकाचा विषाणू सापडला, कोल्पोस्कोपी करून (भिंगातून गर्भाशयमुख पाहून) घेतलेल्या बायोप्सीत ‘सीआयएन ३’, म्हणजे पेशींतला तीव्र बिघाड, असे निदान झाले आणि तीन आठवड्यांपूर्वी माझी लीप, म्हणजे बिघडलेला भाग कापून काढण्याची छोटी शस्त्रक्रिया, झाली. इथवर मी फारशी घाबरले नव्हते, कारण हा कर्करोग नसून कर्करोगापूर्वीची अवस्था आहे असे मला नीट समजावून सांगितले होते. लीपला वीस मिनिटेही लागली नाहीत, भूल त्याच जागेपुरती दिली होती आणि त्याच संध्याकाळी मी रिक्षाने घरी आले.

मागच्या सोमवारी पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आला आणि तेव्हापासून घरात कोणालाच धड झोप नाही. त्यातला मजकूर मराठीत साधारण असा आहे: सूक्ष्म आक्रमण असलेला स्क्वेमस कार्सिनोमा (वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग), खोली २ मिलिमीटर, रुंदी ४ मिलिमीटर, रक्तवाहिन्यांत व लसीकावाहिन्यांत शिरकाव दिसत नाही, आतल्या, म्हणजे एंडोसर्व्हायकल कडेला सीआयएन ३ शिल्लक आहे.

ज्यांनी लीप केली त्या डॉक्टरांचे म्हणणे असे की पुन्हा एकदा, या वेळी सुरीने, कोन, म्हणजे गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा, काढून तपासावा. सासरच्या ओळखीतल्या डॉक्टरांनी गर्भपिशवी लगेच काढून टाकण्याचा सल्ला दिला असून पुढच्या आठवड्याची तारीखही देऊन ठेवली आहे. तिसऱ्या ठिकाणी ‘रॅडिकल’ शस्त्रक्रिया, म्हणजे गर्भाशयासोबत बाजूचे ऊतकही काढणे, आणि ओटीपोटातल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) काढणे हाच सुरक्षित मार्ग असल्याचे सांगण्यात आले. तिघेही पूर्ण खात्रीने बोलले, आणि तिघांनी मिळून मला दिलेला वेळ अर्ध्या तासाच्या आतच भरेल.

२ मिलिमीटर हा आकडा अंतिम धरायचा का? दुसऱ्यांदा कोन करण्यात जाणारा वेळ धोक्याचा आहे का? आणि गर्भाशय राखून उपचार करणे हा मुलाच्या हौसेपायी पत्करलेला धोका आहे, की वैद्यकशास्त्राला मान्य असलेला मार्ग आहे? धीर देणारी उत्तरे घरात भरपूर मिळत आहेत; मला माहिती हवी आहे.

सूक्ष्मदर्शी, सदाशिव पेठ

मी पॅथॉलॉजीत अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. शस्त्रक्रिया कोणती करावी हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, परंतु ज्या कागदावरून ती ठरते तो कागद कसा तयार होतो हे मी सांगू शकतो.

गर्भाशयमुखावरच्या पेशींच्या थराखाली एक अतिशय पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी त्या पडद्याच्या वरच असतील तर ते सीआयएन. पडदा ओलांडून त्या खाली उतरल्या की तो कर्करोग. खोली मोजायची ती या पडद्यापासून. २०१८ साली फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेल्या वर्गवारीनुसार ३ मिलिमीटरपर्यंत खोली असेल तर टप्पा १ए१, ३च्या वर आणि ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर १ए२, आणि त्याहून खोल गेला की डोळ्यांना काही दिसत नसले तरी १बी. पूर्वी रुंदीही धरत असत. २०१८मध्ये ती वगळली गेली, त्यामुळे आपल्या अहवालातल्या ४ मिलिमीटर रुंदीने टप्पा बदलत नाही.

आपल्या अहवालात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती शेवटची ओळ. आंब्यावरचा डाग कापून काढताना सुरीच्या कडेलाही डाग दिसत राहिला, तर उरलेल्या आंब्यात तो किती आत गेला आहे हे हातातल्या फोडीवरून सांगता येत नाही. आपल्या बाबतीत कडेवर कर्करोग नसून सीआयएन ३ आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण त्या कडेपलीकडे काय आहे हे कोणीच पाहिलेले नाही. म्हणून २ मिलिमीटर हा ‘किमान’ आकडा समजावा.

दुसरे असे की लीपमध्ये विजेच्या तारेने तुकडा कापला जातो आणि त्या उष्णतेने कडेच्या पेशी होरपळतात. तुकडा एकसंध न येता दोन-तीन भागांत आला, तर कोणती कड खरी आणि कोणती कापताना झालेली, हे ओळखणे आमच्यासाठी फार त्रासाचे होते. सुरीने काढलेल्या कोनात हा प्रश्न येत नाही. घड्याळातल्या बाराच्या जागी दोऱ्याचा टाका घालून तो पाठवला, की कोणती बाजू कुठली हेही कळते. (असा टाका न घातलेले किती नमुने मी आयुष्यभर उलटसुलट करून पाहिले, त्याची गणती नाही.)

आपण लीपच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे, ज्यांना प्रयोगशाळेत स्लाइड आणि ब्लॉक म्हणतात, लेखी अर्ज करून मागून घ्याव्यात आणि स्त्रियांच्या कर्करोगाचे नमुने नेहमी पाहणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्याव्यात. त्यांना खोली, वाहिन्यांतला शिरकाव आणि कडा या तीनच गोष्टी विशेषकरून विचाराव्यात. २ आणि ३च्या मधले अंतर कागदावर नगण्य दिसते, पण शस्त्रक्रिया त्याच अंतरावर ठरते.

केवडा, नारायण पेठ

माझे मत कदाचित आवडणार नाही, पण लिहिते. माझी गर्भपिशवी गाठींमुळे बेचाळिसाव्या वर्षी काढली, आज मी अडुसष्ट वर्षांची असून ठणठणीत आहे. तुला एक मुलगी आहे. जिथे कर्करोग निघाला ती पिशवीच काढून टाकली म्हणजे कायमची काळजी मिटेल, असे माझ्यासारखीला वाटते. डॉक्टर चुकत असतील तर त्यांनीच सांगावे.

शल्यक, पुणे

केवडाताईंनी जे लिहिले तेच माझ्या बाह्यरुग्ण विभागात दहापैकी आठ कुटुंबे म्हणतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते. स्त्रियांच्या कर्करोगांच्या शस्त्रक्रिया करणे हे माझे रोजचे काम आहे. मी आपल्याला प्रत्यक्ष तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे सर्व आपल्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणूनच वाचावे.

गाठींसाठी जी गर्भपिशवी काढतात ती साधी हिस्टरेक्टॉमी. समजा ती पुढच्या आठवड्यात झाली आणि नंतर अहवालात खोली २ नव्हे, ७ मिलिमीटर निघाली. मग गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंचे आधाराचे ऊतक आणि लसीकाग्रंथी शरीरात तशाच राहिलेल्या असतात, आधीच्या टाक्यांमुळे तिथे पुन्हा शिरणे अवघड होते, आणि बहुतेकदा किरणोपचारांचाच रस्ता उरतो. म्हणजे काळजी मिटवण्यासाठी केलेली घाई मोठ्या उपचाराला निमंत्रण देते. आपल्याकडे गर्भपिशवी काढणे हा अंगावरच्या पांढऱ्यापासून पाठदुखीपर्यंत सगळ्याचा इलाज समजला जातो. बीडच्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या बाबतीत २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. सीआयएन ३ असो की संशयित कर्करोग, खोली नक्की माहीत होण्यापूर्वी गर्भाशय काढू नये, हे तत्त्व मी माझ्या विद्यार्थ्यांकडून अक्षरशः पाठ करून घेते.

आपल्या पहिल्या डॉक्टरांचा सल्ला म्हणूनच मला योग्य वाटतो. लीपची जखम भरण्यासाठी साधारण सहा आठवडे जाऊ देऊन पुन्हा कोन काढला जातो आणि एवढ्या अवधीने आपल्या टप्प्याच्या आजारात नुकसान होत नाही. दरम्यान कोणी एमआरआय करायला सांगितले तर ते निरर्थक नाही, पण २ मिलिमीटरचा रोग त्यात दिसत नाही आणि लीपनंतरची सूज रोगासारखी भासू शकते, हे लक्षात असू द्यावे.

कोनाच्या अहवालातून काय निघेल यावर पुढचे अवलंबून आहे. कडा स्वच्छ निघाल्या, एकूण खोली ३ मिलिमीटरच्या आत राहिली आणि वाहिन्यांत शिरकाव नसेल, तर तो टप्पा १ए१ ठरतो. अशा वेळी लसीकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेला असण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी असते, त्यामुळे ग्रंथी काढण्याची गरज नसते आणि मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी कोन हाच पूर्ण उपचार समजला जातो. आपण ‘हौसेपायी पत्करलेला धोका’ असे लिहिले आहे. तसे नाही, हा सर्वमान्य मार्ग आहे. मूल नको असेल तर त्याच टप्प्यावर साधी हिस्टरेक्टॉमी हा दुसरा, तितकाच मान्य पर्याय आहे, परंतु तो कोनाच्या आधी नव्हे, नंतर. तिसऱ्या ठिकाणी सुचवलेली रॅडिकल शस्त्रक्रिया मात्र आज हातात असलेल्या अहवालासाठी गरजेपेक्षा फार मोठी आहे.

वाहिन्यांत शिरकाव आढळला किंवा खोली ३ ते ५ मिलिमीटरमध्ये निघाली, तर ग्रंथी तपासणे आवश्यक होते. आता अनेक ठिकाणी इंडोसायनिन ग्रीन हे हिरवे द्रव्य गर्भाशयमुखात टोचून सर्वप्रथम ज्या ग्रंथीत ते पोहोचते तेवढीच काढून बारकाईने तपासतात. तिला पहारेकरी ग्रंथी म्हणता येईल. त्यासोबत गर्भाशय राखायचे असेल तर कोन किंवा ट्रॅकेलेक्टॉमी, आणि राखायचे नसेल तर हिस्टरेक्टॉमी.

ट्रॅकेलेक्टॉमी म्हणजे गर्भाशयमुख आणि त्याच्या बाजूचे ऊतक काढून वरचे गर्भाशय योनीला पुन्हा जोडणे. फ्रान्समधल्या लियों शहरात दानिएल दार्जां यांनी १९८७ साली ती योनीमार्गे केली, आणि तोवर अशा तरुण स्त्रीपुढे गर्भाशय गमावण्याशिवाय सहसा दुसरा पर्याय नसे. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असेल तरच ती सहसा सुचवली जाते. पुढे गर्भ राहिलाच तर मुदतपूर्व प्रसूतीचा धोका मोठा असतो आणि बाळंतपण सिझेरियननेच करावे लागते, हेही आधीच सांगितले पाहिजे.

रॅडिकल हिस्टरेक्टॉमीची मूळ पद्धत व्हिएन्नाच्या एर्न्स्ट वेर्थहाइम यांनी १८९८ साली सुरू केली. कोलकात्याच्या सुबोध मित्र यांच्या नावाने ओळखली जाणारी, योनीमार्गे करायची पद्धतही जगभर अभ्यासली गेली, आणि आमच्या पिढीतल्या किती जणांना ती माहीत असेल याची मला शंका आहे. मुद्दा असा की शंभर वर्षे या शाखेचा कल ‘अधिक काढा’ असाच होता, आणि २०१८पासून दोन अभ्यासांनी आम्हाला थांबून विचार करायला लावला.

पहिला २०१८चा, ‘एलएसीसी’ या नावाने ओळखला जाणारा. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६३१ स्त्रियांमध्ये पोट उघडून केलेली रॅडिकल शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीने किंवा रोबोटने केलेली, यांची तुलना झाली. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के निघाले. आम्हा सर्वांना धक्का बसला, कारण लहान छेद म्हणजे उत्तम शस्त्रक्रिया, असे आम्हीच रुग्णांना सांगत आलो होतो. म्हणून या कर्करोगाची रॅडिकल शस्त्रक्रिया कोणी ‘फक्त चार छिद्रांत’ करून देतो म्हणाले, तर हा अभ्यास माहीत आहे का, असे त्यांना जरूर विचारावे.

दुसरा ‘शेप’, २०२४ साली प्रसिद्ध झालेला. त्यात २ सेंटिमीटरपर्यंतचा, कमी धोक्याचा कर्करोग असलेल्या ७०० स्त्रिया होत्या. ग्रंथी दोन्ही गटांत तपासल्या. फरक फक्त हिस्टरेक्टॉमी साधी की रॅडिकल एवढाच. तीन वर्षांत ओटीपोटात रोग उलटण्याचे प्रमाण साध्या गटात २.५२ टक्के आणि रॅडिकल गटात २.१७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले, आणि लघवीच्या तक्रारी साध्या गटात कमी होत्या. त्यामुळे १बी१ (खोली ५ मिलिमीटरहून जास्त, पण गाठ २ सेंटिमीटरपर्यंत) टप्प्यातल्याही निवडक स्त्रियांना आता मोठ्या शस्त्रक्रियेची गरज उरलेली नाही.

स्क्वेमस कर्करोगात तरुण स्त्रीची बीजकोषे सहसा काढावी लागत नाहीत. त्यामुळे ‘सगळे काढू’ हा शब्द कोणी वापरला तर ‘सगळे म्हणजे काय काय’ हे विचारून घ्यावे.

पर्वती, सहकारनगर

शल्यक यांनी ज्या मोठ्या शस्त्रक्रियेचा उल्लेख केला ती माझी २०१९ साली झाली. वय ४४, गाठ १.६ सेंटिमीटर, टप्पा १बी१. पोट उघडून रॅडिकल हिस्टरेक्टॉमी आणि दोन्ही बाजूंच्या मिळून बावीस लसीकाग्रंथी काढल्या, बीजकोषे ठेवली. ग्रंथी आणि कडा स्वच्छ निघाल्यामुळे किरणोपचार घ्यावे लागले नाहीत, आणि हे निश्चित होईपर्यंतचे अकरा दिवस शस्त्रक्रियेपेक्षा जड गेले.

जे आधी कोणी सांगितले नाही ते लिहिते. मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा त्याच आधाराच्या ऊतकातून जातात, म्हणून लघवीची नळी घेऊनच मी घरी आले आणि ती चौदा दिवस होती. नळी काढल्यावर लघवीची जाणीवच होत नव्हती. घड्याळ लावून दर तीन तासांनी जावे लागे, असे जवळजवळ पाच महिने. दीड वर्षानंतर डाव्या पायाला सूज येऊ लागली, तिच्यासाठी दाबाचा लांब मोजा अजूनही रोज घालते; पर्वतीच्या पायऱ्या आता थांबत थांबत चढते, पण चढते. योनीचा वरचा भाग काढल्यामुळे पतिपत्नीच्या संबंधांत त्रास होतो आणि त्यावर उपाय असतात, हे मला नर्सने कानात सांगितले, डॉक्टरांनी नव्हे. मी वाचले, माझी तक्रार नाही. पण निशिगंध, तुझ्या २ मिलिमीटरसाठी कोणी हे सर्व सुचवत असेल, तर पुढच्या आठवड्याची असो की पुढच्या महिन्याची, कोणतीच तारीख अहवालाआधी घेऊ नकोस.

खर्चाबद्दल: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया येतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी भेटावे, नंतर नव्हे.

अभ्यागत, हडपसर

याच विषयात एक प्रश्न विचारतो, धागा भरकटत असेल तर क्षमस्व. माझी भाची २६ वर्षांची आहे, लग्न ठरलेले आहे आणि बायोप्सीत सीआयएन २ निघाले. एका ठिकाणी गोठवण्याचा उपचार सांगितला, दुसरीकडे लीप. कोणता बरा?

शल्यक, पुणे

कदाचित दोन्ही नाहीत. तिशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये सीआयएन २ दोन वर्षांत आपोआप मावळण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्के आहे, म्हणून कोल्पोस्कोपीत सर्व भाग नीट दिसत असेल आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला येण्याची तिची तयारी असेल, तर फक्त लक्ष ठेवणे हा योग्य पर्याय असतो.

उपचार करायचाच झाला, तर गोठवणे किंवा उष्णतेने जाळणे यांत ऊतक नष्ट होते, पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला काहीच उरत नाही. म्हणून बिघडलेला भाग संपूर्ण दिसत असेल, तो मुखाच्या आत शिरलेला नसेल आणि कर्करोगाची जराही शंका नसेल, तरच ते करावे. निशिगंध यांच्या बाबतीत गोठवले असते तर तो २ मिलिमीटरचा कर्करोग कोणाला वेळेवर कळला नसता. लीपमध्ये १० मिलिमीटरहून खोल तुकडा गेला तर पुढच्या गर्भारपणात मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता वाढते, म्हणून तरुण मुलींमध्ये गरजेपुरताच काढावा. ग्रामीण भागात, जिथे स्त्री दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते, तिथे एकाच भेटीत गोठवून मोकळे होण्याचे महत्त्व मी नाकारत नाही. बार्शीच्या रुग्णालयाने उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आणि त्यानंतरच्या उपचारांनी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली जगापुढे मांडले गेले. पण हडपसरच्या मुलीला दुसऱ्यांदा येणे शक्य आहे.

केवडा, नारायण पेठ

कोनाआधी नव्हे, नंतर, हे समजले. निशिगंध, माझा सल्ला मागे घेते.

निशिगंध, कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. सूक्ष्मदर्शी यांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज करून स्लाइड आणि ब्लॉक घेतले. प्रयोगशाळेने दोन दिवस लावले, पण दिले. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या मते खोली २ नव्हे, २.४ मिलिमीटर आहे. वाहिन्यांत शिरकाव नाही आणि आतली कड त्यांच्याही मते स्वच्छ नाही. हा ०.४चा फरक ऐकून आमचे हे एकदम गप्प झाले. त्याआधी पुन्हा कोन करण्याला त्यांचाच सर्वाधिक विरोध होता.

लीप झाली त्याला येत्या गुरुवारी सहा आठवडे होतील आणि त्याच दिवशी सुरीने कोन काढायचे ठरले आहे. बाराच्या जागी टाका घालणार का, असे मी विचारले तेव्हा डॉक्टर हसल्या आणि हे कोणी सांगितले म्हणाल्या. पुढची तपासणी पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी असेल आणि मुलाचा विचार त्यांच्या परवानगीनंतरच करायचा, हेही बोलून झाले. ओळखीतल्या डॉक्टरांना सासूबाईंनी स्वतः फोन करून तारीख रद्द केली. कोनाचा अहवाल आला की त्यातल्या खोलीची आणि कडांची ओळ इथे जशीच्या तशी लिहीन.